जुन्या डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड बिघडल्यासारखे वाटते तेव्हा: तपासणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

संगणक सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, त्यावर रंगीत पट्टे उमटले किंवा काम करता करता चित्र गोठले, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण विंडोज पुन्हा टाकतात आणि काही जण थेट नवे कार्ड विकत आणतात. गोव्यातील फोंडा, डिचोली आणि साखळी परिसरातील ओळखीच्यांचे संगणक मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. 'कार्ड गेले' म्हणून माझ्याकडे आलेल्या संगणकांत कार्ड खरोखर गेलेले असे फार थोडे निघाले. बाकीच्यांत दोष रॅमच्या संपर्कात, एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात), चुकीच्या ड्रायव्हरमध्ये (विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा मदरबोर्डवरच्या शंभर रुपयांच्या आतल्या सेलमध्ये होता. तपासणीचा क्रम चुकला की दोष एका जागी राहतो आणि खर्च दुसऱ्या जागी होतो, म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

हा लेख साधारण सात ते पंधरा वर्षे जुन्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर पहिले तीन टप्पे करून सरळ सहाव्या टप्प्यावर जावे. चित्र दिसते पण बिघडलेले दिसते, अशी तक्रार असेल तर टप्प्यातच तसे सांगितल्याशिवाय एकही टप्पा गाळू नये.

## टप्पा १: हात लावण्यापूर्वी लक्षण लिहून काढणे

एक कागद घ्यावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: बिघाड नेमका कधी दिसतो, किती वेळाने दिसतो, त्या वेळी पंखे फिरत असतात का, आणि बिघाडापूर्वीच्या आठवड्यात काय बदलले होते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच सर्वाधिक वेळा दुर्लक्षिला जातो. विंडोजचे अपडेट झाले होते का, घरात वायरिंगचे काम झाले होते का, संगणक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला होता का, विजा चमकत असताना तो सुरू होता का, चतुर्थीला गावी गेल्यामुळे तो पंधरा दिवस बंद होता का, यांतील प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला बोट दाखवते.

पडद्यावरचे चित्र बिघडलेले असेल तर मोबाइलने त्याचा फोटो घ्यावा. शक्य असेल तर संगणकातूनही स्क्रीनशॉट घेऊन तो स्वतःलाच पाठवावा आणि मोबाइलवर उघडून पाहावा.

पडताळणी: मोबाइलवर उघडलेल्या स्क्रीनशॉटमध्येही पट्टे दिसत असतील, तर चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, म्हणजे कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये, बिघडते आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर आधी केबल आणि मॉनिटर पाहावे.

## टप्पा २: तयारी

लागणारी साधने साधी आहेत: मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरे मऊ खोडरबर, ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड, स्वस्त पण चालू स्थितीतला मल्टीमीटर आणि एक रिकामा पेनड्राइव्ह. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारा लेप, आणून ठेवावी, मात्र ती नवव्या टप्प्यापूर्वी उघडू नये. संगणक अजून चालत असेल तर कागदपत्रे आणि फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

### अर्थिंग आधी पाहावे

कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे इतकी सर्रास ऐकू येते की लोक ती संगणकाची सवयच समजतात. प्रत्यक्षात ते अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार पोहोचत नसेल तर या दोन कपॅसिटरांच्या मधोमध असलेले कॅबिनेट २३० व्होल्टच्या सुमारे निम्म्या दाबावर राहते. हा प्रवाह अगदी थोडा असतो, परंतु अशा स्थितीत चालू संगणकाला अर्थ मिळालेला मॉनिटर किंवा केबलचा टीव्ही जोडला की तो फरक व्हिडिओ केबलमधून वाट काढतो आणि कार्डाचे पोर्ट जायबंदी करू शकतो. दोनपिनी मल्टिप्लग, अर्थची पिन तुटलेला प्लग आणि आत अर्थची तारच नसलेला एक्स्टेंशन बोर्ड ही याची तीन नेहमीची कारणे. सॉकेटमधले व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्यावे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये पुरवठ्याइतके व्होल्टेज मिळाले पाहिजे, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये अगदी मोजकेच.

### पावसाळ्यातील विशेष काळजी

जून ते सप्टेंबरमध्ये बंद खोलीत राहिलेला संगणक आल्याआल्या सुरू करू नये. कार्डावर साचलेली धूळ कोरडी असते तोवर फारसे बिघडत नाही. मात्र मिरामार, कोलवा किंवा काणकोणसारख्या किनाऱ्याजवळच्या भागात त्या धुळीत खाऱ्या हवेतले मीठ मिसळलेले असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि मग तोच थर वीज वाहू लागतो. कॅबिनेटचे झाकण उघडून खोलीतला पंखा काही तास लावून ठेवावा. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये, कारण तिने प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात. झाकण उघडल्यावर मुंग्यांची वारुळे किंवा पालीची अंडी दिसली, तर ती काढेपर्यंत प्लगला हातही लावू नये.

## टप्पा ३: कॅबिनेट न उघडता करायची तपासणी

मॉनिटरची केबल कोणत्या पोर्टमध्ये लावली आहे ते मागे जाऊन डोळ्यांनी पाहावे. मदरबोर्डचे पोर्ट उभ्या रांगेत, कीबोर्ड आणि यूएसबीच्या शेजारी असतात, तर कार्डाचे पोर्ट त्यांच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. साफसफाई करून संगणक परत जागेवर ठेवताना केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कार्ड बसवलेले असताना बऱ्याच मदरबोर्डांचे ते पोर्ट बंद राहते, त्यामुळे पडदा काळा दिसतो.

त्यानंतर दुसरी केबल लावून पाहावी. ती मिळत नसेल तर आहे तीच केबल आणि तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. मॉनिटरच्या मेनूतून योग्य इनपुट निवडले आहे का तेही पाहावे.

जुना व्हीजीए मॉनिटर असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डीव्हीआय ते व्हीजीए असा साधा जोड फक्त डीव्हीआय-आय प्रकारच्या पोर्टवर चालतो, कारण त्यातच अॅनालॉग संकेत असतो. डीव्हीआय-डी किंवा एचडीएमआय पोर्टवरून व्हीजीए हवे असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. जीटीएक्स १००० मालिकेपासून, कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने कार्डावर अॅनालॉग संकेत देणे बंद केले, त्यामुळे जुन्या मॉनिटरला असे कार्ड जोडून 'नवे कार्डही खराब निघाले' म्हणणारे लोक मला भेटले आहेत.

इशारा: व्हीजीए आणि डीव्हीआयच्या केबल संगणक व मॉनिटर दोन्ही बंद करूनच काढाव्यात व लावाव्यात.

## टप्पा ४: दोष कार्डाचा की ड्रायव्हरचा, हे ठरवणे

हा टप्पा नीट केला तर पुढची निम्मी मेहनत वाचते. संगणक सुरू होताच मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसते आणि डिलीट किंवा एफ२ दाबल्यावर बायोसची, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीची, पाने उघडतात. त्या वेळी विंडोज सुरू झालेले नसते आणि विंडोजचा ड्रायव्हरही काम करत नसतो. त्यामुळे बायोसच्या पानावरच ठिपके, उभ्या रेघा किंवा चौकटींची नक्षी दिसत असेल, तर दोष ड्रायव्हरचा असूच शकत नाही. विंडोज पुन्हा टाकण्यात घालवलेला दिवस अशा वेळी पूर्ण वाया जातो.

बायोसमध्ये चित्र स्वच्छ असेल तर दहा-पंधरा मिनिटे तेच पान उघडे ठेवावे. तेवढ्यात बिघाड दिसला नाही, तर उबंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, ते हार्ड डिस्कवर न टाकता फक्त वापरून पाहण्याच्या पर्यायाने संगणक सुरू करावा. तिथे अर्धा तास व्हिडिओ पाहावा, खिडक्या हलवून पाहाव्यात.

पडताळणी: लिनक्समध्ये सारे सुरळीत आणि विंडोजमध्ये बिघाड, असे असल्यास पाचवा टप्पा करावा. दोन्हीकडे सारखाच बिघाड असेल तर पाचवा टप्पा सोडून सहाव्यावर जावे.

## टप्पा ५: ड्रायव्हर स्वच्छ काढून पुन्हा बसवणे

आधी डिव्हाइस मॅनेजर उघडावा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डाच्या नावाऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसत असेल, तर ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि रिझोल्यूशन कमी असण्याचे कारण तेच आहे. पिवळे चिन्ह आणि कोड ४३ दिसत असेल, तर कार्डाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवले आहे. त्यामागे ड्रायव्हर असू शकतो, तसे मरणोन्मुख कार्डही असू शकते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाच्या नोंदी असतील तर ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला, असा त्याचा अर्थ आहे. मूळ रचनेत विंडोज यासाठी दोन सेकंद थांबते. ही मुदत रजिस्ट्रीत वाढवावी असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण त्याने लक्षण झाकले जाते आणि कारण तसेच राहते. तसे करू नये.

ड्रायव्हर बदलण्याचा क्रम असा ठेवावा.

१. कार्डाचे नेमके मॉडेल आणि विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे पाहून योग्य ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावा. एनव्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठी ३९० च्या शाखेनंतर (शाखा म्हणजे ड्रायव्हरच्या आवृत्त्यांचा गट) ड्रायव्हर काढलेले नाहीत.

२. इंटरनेट तोडावे. हा भाग बहुतेक लोक विसरतात. जुना ड्रायव्हर निघताच विंडोज अपडेट मागच्या दाराने आपल्या पसंतीचा ड्रायव्हर बसवते आणि आपण नेमके काय तपासतो आहोत हेच कळेनासे होते.

३. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे आणि सेफ मोडमध्ये जावे. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे सॉफ्टवेअर चालवून जुन्या ड्रायव्हरचे सर्व अवशेष काढावेत. पूर्वी दुसऱ्या कंपनीचे कार्ड वापरले असेल तर तिचेही काढावेत.

४. संगणक नेहमीसारखा सुरू करून उतरवलेला ड्रायव्हर बसवावा, रीस्टार्ट करावे आणि त्यानंतरच इंटरनेट जोडावे. इथे शटडाउन करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसते, रीस्टार्ट मात्र पूर्ण असते.

सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला, ही समजूत जुन्या कार्डांना लागू पडत नाही. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीची कार्डे, म्हणजे जीटीएक्स ४०० आणि ५०० मालिकेतील बहुतेक, २०१८ मध्ये ३९० च्या शाखेवर थांबली. केप्लर पिढी ४७० च्या शाखेवर थांबली आणि तिचे सुरक्षा अपडेटही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होते. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय पासून १०८० टीआय पर्यंतची कार्डे, ५८० च्या शाखेनंतर पुढे जात नाहीत. एएमडीने एचडी ५००० आणि ६००० मालिका २०१५ मध्येच जुन्या यादीत टाकल्या, आणि एचडी ७००० पासून आर९ फ्युरीपर्यंतच्या कार्डांचा नियमित आधार जून २०२१ मध्ये संपवला. आपले कार्ड यांपैकी कोणत्या गटात आहे हे न पाहता ड्रायव्हर आपोआप शोधणारी मोफत सॉफ्टवेअर वापरू नयेत. ती बऱ्याचदा चुकीचा ड्रायव्हर आणि सोबत नको असलेल्या जाहिराती देऊन जातात.

## टप्पा ६: कॅबिनेट उघडणे, सफाई आणि कार्ड पुन्हा बसवणे

भिंतीवरचे बटण बंद करावे, प्लग काढावा आणि त्यानंतर संगणकाचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करत राहावे. आपल्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कोरड्या प्रदेशापेक्षा कमी असला, तरी वातानुकूलित खोलीत तो वाढतो.

पहिले काम रॅमचे. 'डिस्प्ले येत नाही' या तक्रारीमागे ग्राफिक्स कार्डापेक्षा रॅमचा संपर्क अधिक वेळा असतो, विशेषतः पावसाळ्यानंतर. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने एकाच दिशेने हलकेच पुसाव्यात, अल्कोहोल लावलेल्या कापडाने खोडरबराचा चुरा काढावा आणि एका वेळी एकच पट्टी लावून संगणक सुरू करून पाहावा. पेनाची शाई खोडणारे खरखरीत रबर वापरू नये, ते सोन्याचा पातळ थरच काढून टाकते. दरवाज्याच्या बिजागरीला मारायचा गंजरोधक फवारा तर अजिबात नको.

मदरबोर्डला स्पीकर असेल तर आवाज मोजावेत. अॅवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड आवाज ग्राफिक्सकडे बोट दाखवतात, तर एएमआय बायोसमध्ये आठ आखूड. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात, त्यासाठी मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

मग कार्ड. कार्डाला कॅबिनेटशी धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीचा स्क्रू आणि वीजजोडणी काढल्यावर स्लॉटच्या टोकाला असलेला छोटा खटका दाबावा आणि मगच कार्ड सरळ वर उचलावे. खटका न दाबता कार्ड ओढल्यामुळे स्लॉट तुटलेले मदरबोर्ड मी पाहिले आहेत, आणि त्याला दुरुस्ती नाही. कार्ड प्रकाशात धरून नीट पाहावे: फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेला भाग, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, गंजलेली पट्टी. पट्टीवर गंज असेल तर संपर्कांवरही खाऱ्या हवेचा थर असण्याची शक्यता धरावी.

सफाईसाठी हाताचा ब्लोअर उत्तम. डिचोली, साखळी, सांगे या खाणपट्ट्यातल्या घरांत लाल धूळ इतकी बारीक असते की ती हीटसिंकच्या (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये घट्ट थर करून बसते, वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि आत वारा शिरतच नाही. अशा वेळी पंख्याचे झाकण काढूनच ब्रश फिरवावा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर वेगाने फिरून त्याची बेअरिंग बिघडते.

इशारा: पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरने कार्ड साफ करू नये. आपल्या हवामानात त्याच्या टाकीत पाणी साचलेले असते आणि ते हवेबरोबर थेट कार्डावर येते.

कार्डाची संपर्कपट्टी रॅमसारखीच पुसावी. स्लॉटमध्ये मात्र ब्रश आणि कोरडी हवा याशिवाय काहीही घालू नये. कार्ड परत बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा आणि खटक्याचा आवाज ऐकावा. स्क्रू लावल्यावर कार्डाचे मागचे टोक वर उचलले जात नाही ना, हे बाजूने पाहावे. स्वस्त कॅबिनेटची पट्टी थोडी वाकडी असते आणि स्क्रू आवळला की कार्ड स्लॉटमधून अर्धवट बाहेर येते.

## टप्पा ७: सेल आणि बायोसची मांडणी

संगणकाची तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपत आला आहे. याचा ग्राफिक्सशी काय संबंध, असे वाटेल. सेल संपला की रात्री भिंतीवरचे बटण बंद करताच बायोसची मांडणी मूळ स्थितीत जाते आणि काही मदरबोर्डांमध्ये मूळ स्थितीत मुख्य पडदा कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टकडे ठेवलेला असतो. एका वाचनालयातला संगणक रोज सकाळी काळा पडदा दाखवायचा, आणि केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली की चालायचा. तिथे दोनदा कार्ड बदलून झाले होते. शेवटी सेल बदलला आणि प्रश्न मिटला.

नव्या सेलचे व्होल्टेज ३ किंवा किंचित अधिक असते. ते २.८ च्या खाली असेल तर सेल बदलावा. मग बायोसमध्ये जाऊन प्रायमरी डिस्प्ले किंवा इनिट डिस्प्ले फर्स्ट या नावाच्या ओळीत पीईजी किंवा पीसीआय एक्स्प्रेस निवडावे.

कार्ड खूप जुने आणि मदरबोर्ड त्यामानाने नवा असेल तर आणखी एक अडचण येते. २०१२ पूर्वीच्या बहुतेक कार्डांत यूईएफआय या नव्या प्रकारच्या बायोसच्या पद्धतीने चित्र देण्याची सोय नाही. मदरबोर्डमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीला आधार देणारी सोय, बंद असेल तर असे कार्ड पूर्ण चांगले असूनही सुरुवातीला काहीच दाखवत नाही.

## टप्पा ८: वीजपुरवठा

बिघाड फक्त खेळ किंवा व्हिडिओ संपादन सुरू केल्यावर येतो आणि संगणक एकदम बंद होतो, असे असेल तर कार्डापेक्षा एसएमपीएसवर संशय अधिक घ्यावा. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांची १५० वॅट. कार्डावर अशी जोडणी असेल तर ती रिकामी ठेवून चालत नाही.

एसएमपीएसच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत छापलेला ४५० हा आकडा पाहून समाधान मानू नये. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तिथे १६ अँपिअर असतील तर प्रत्यक्ष उपयोगाची ताकद १९२ वॅट एवढीच होते. ९५ वॅटचा प्रोसेसर आणि १२० वॅटचे कार्ड यांनीच ती ओलांडली जाते, डिस्क आणि पंखे पुढेच. शिवाय दहा वर्षे चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, ही घट वेगळी.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, हार्ड डिस्कसाठी असलेल्या चारपिनी मोकळ्या जोडणीतील पिवळी आणि काळी तार यांच्यामधले व्होल्टेज आधी संगणक मोकळा असताना आणि मग कार्डावर भार असताना मोजावे.

पडताळणी: दोन्ही वेळा आकडा ११.४० ते १२.६० यांमध्ये हवा. भार येताच तो ११.४० च्या खाली जात असेल, तर कार्ड बदलून काहीच साधणार नाही.

इशारा: एसएमपीएसचा डबा उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो.

इशारा: प्रोसेसरची आठपिनी जोडणी कार्डात जोर लावून बसवू नये. दोन्हींमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. कार्डाची जोडणी सहा आणि दोन अशी सुटते, प्रोसेसरची चार आणि चार अशी. त्याचप्रमाणे साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या) एका जोडणीपासून कार्डाची सहापिनी जोडणी बनवणारी केबलही टाळावी. साटाच्या जोडणीची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे आणि त्यापुढे ती वितळते.

## टप्पा ९: तापमान, पंखा आणि थर्मल पेस्ट

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरने तापमान पाहावे. आपल्या उन्हाळ्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते, त्यामुळे काम नसताना कार्ड ४५ ते ५० अंशांवर असणे गैर नाही. कार्डाला पूर्ण कामाला लावणाऱ्या फरमार्क या सॉफ्टवेअरने पाच मिनिटे भार द्यावा, मात्र समोर बसून. तापमान ८० च्या आसपास स्थिरावले तर ठीक आहे. ते ८५ ओलांडून चढतच राहिले तर चाचणी तिथेच थांबवावी.

पंखा अडखळत असेल तर त्यामागचे चिकट लेबल उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घालावा. त्याने काही महिने निभावतात, तोवर नवा पंखा शोधावा. खोबरेल तेल घालू नये, ते पुढे चिकट होऊन पंखा जाम करते.

पंखा चांगला, हीटसिंक स्वच्छ आणि तरीही तापमान जास्त, असे असेल तेव्हाच पेस्ट बदलावी. हीटसिंकचे स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. हीटसिंक निघत नसेल तर उपटू नये, हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावे. कार्ड थोडे वापरून कोमट असताना ते सहज निघते. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट चिपच्या पूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरावी. मेमरीच्या चिपांवर असलेल्या मऊ पट्ट्यांच्या जागी पेस्ट लावू नये, कारण ती फट पेस्टने भरत नाही. पट्टी फाटली असेल तर तेवढ्याच जाडीची आणावी.

## टप्पा १०: अदलाबदल करून निर्णय

इथपर्यंत येऊनही दोष राहिला असेल तर दोन बाजूंनी तपासणी करावी. संशयित कार्ड दुसऱ्या चालू संगणकात आणि खात्रीचे कार्ड आपल्या संगणकात. एकच बाजू तपासून निष्कर्ष काढू नये. आपल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून, मदरबोर्डच्या पोर्टवरून दोन दिवस संगणक वापरून पाहावा. ज्या कार्डातून जळका वास आला आहे ते मात्र दुसऱ्याच्या संगणकात कधीही घालू नये.

दुसऱ्या संगणकातही तीच नक्षी दिसली तर कार्डाची मेमरी किंवा मुख्य चिप गेली आहे. कार्डाचे वेग बदलणाऱ्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा वेग बराच कमी केल्यावर नक्षी कमी झाली तर मेमरीवरचा संशय पक्का होतो, आणि नवे कार्ड येईपर्यंत काम चालवण्यासाठी तो वेग तसाच कमी ठेवता येतो.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे प्रयोग अनेकांनी पाहिलेले असतात. कळकळीने सांगतो, ते करू नका. भाजल्यावर कधी कधी कार्ड चालते, पण काही दिवस किंवा आठवडेच, कारण दोष बहुधा चिपच्या आतल्या जोडांत असतो. ज्या ओव्हनमध्ये आपण मुलांसाठी केक करतो त्यात प्लास्टिकची आणि फ्लक्सची वाफ सोडणे हा कोणत्याही कार्डापेक्षा महाग सौदा आहे.

## टप्पा ११: दुसरे कार्ड घेताना

कार्यालयीन कामासाठी आणि व्हिडिओसाठी कार्ड हवे असेल तर बाहेरील वीजजोडणी न लागणारे घ्यावे. जीटी १०३० सुमारे ३० वॅटचे आहे आणि जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचे. दोन्ही जुन्या एसएमपीएसवर चालतात. जीटी ७१० आणि जीटी ७३० अजून डबाबंद नवी मिळतात, पण आतली चिप केप्लर पिढीची, किंवा ७३० च्या काही प्रकारांत त्याहून जुन्या फर्मीची असते, म्हणजे डबा नवा आणि ड्रायव्हर थांबलेला. कॅबिनेट बारीक असेल तर उंची मोजून कमी उंचीची पट्टी सोबत आहे ना, ते पाहावे.

वापरलेले कार्ड घेताना पैसे देण्यापूर्वी जीपीयू-झेड चालवून पाहावे. जुन्या कार्डाचे बायोस बदलून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकार होतात, आणि अशा कार्डाच्या नावापुढे हे सॉफ्टवेअर ते बनावट असल्याची खूण दाखवते. मग पाच मिनिटे फरमार्क, शिवाय प्रत्येक पोर्टला मॉनिटर लावून चित्र. विकणारा यातल्या एकाही गोष्टीला नकार देत असेल तर तिथून निघावे.

कार्ड बसवल्यावर कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी. त्यावर सेल बदलल्याची तारीख, पेस्ट लावल्याची तारीख, बसवलेल्या ड्रायव्हरचा क्रमांक आणि त्या दिवशी भाराखाली मोजलेले १२ व्होल्टचे नेमके वाचन लिहावे. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा झाकण उघडाल तेव्हा पहिली तुलना याच चार आकड्यांशी करावी.